नऊजणी आणि चार खांब

शनिवार, २६ एप्रिल

आज मी पांढरा कोट घालून दोन खांबांच्या मधोमध तीन तास उभी होते. घरी येताना ट्रॅममध्ये एकटीच हसत होते म्हणे. लेकीनं, सान्वीनं सांगितलं. ती स्वतः हसत नव्हती, ते पुढे लिहिते.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल नावाचा खेळ असतो हे मला मार्चपर्यंत ठाऊक नव्हतं. सान्वी आणि ज्युडिथनं मिळून बायकांचा संघ काढला, नाव हेरन्स, कारण सरावाच्या जागेजवळ मर्सी नदीच्या काठी बगळे उभे असतात. ज्युडिथ आमच्याच हॉस्पिटलात नर्स आहे, मूळची अ‍ॅडलेडची. ती बोलली की वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. उत्तरेकडची ही लीग यंदाच सुरू झाली. चार संघ, दर पंधरा दिवसांनी शनिवारी सेल नावाच्या गावातल्या एकाच मैदानावर लागोपाठ दोन सामने. रग्बीची दोन मैदानं जोडून अंडाकृती मैदान आखलंय, एका बाजूला किंचित उतार आहे.

गोल अंपायर व्हायला कोणी तयार नव्हतं. ज्युडिथनं मला लॅबमध्ये काम करताना पाहिलेलं. म्हणाली, "रक्ताच्या बाटलीवरचं लेबल तीनदा वाचणारी बाई मला हवी आहे." लीड्सचा एक जण तयार झाला, गिडियन नावाचा, त्याची भाची क्लोई तिकडच्या संघात आहे. ऑनलाइन शिकवणी आम्ही दोघांनीच पूर्ण केली. त्यामुळे दोन्ही सामन्यांत एका टोकाला तो, एका टोकाला मी.

काम सोपं आहे आणि भयंकर आहे. प्रत्येक टोकाला चार खांब, मधले दोन उंच, बाजूचे दोन बुटके. उंच खांबांमधून बॉल लाथेनं गेला की गोल, सहा गुण. उंच आणि बुटक्याच्या मधून गेला तर बिहाइंड, एक गुण. म्हणजे चुकलात तरी काहीतरी पदरात पडतं. हे मला फार आवडलं. गोलला दोन झेंडे हलवायचे, बिहाइंडला एक. मग समोरच्या टोकाचा अंपायर तसेच झेंडे हलवून कळवतो की हो, दिसलं. मग दोघांनी आपापल्या कार्डावर लिहायचं.

दीडशे मीटरवरून एक अनोळखी माणूस दर वेळी सांगत होता, हो, दिसलं.

आता सान्वीचं. मैदानावर नऊजणी लागतात, पहिल्या मिनिटापासून शेवटचा भोंगा वाजेपर्यंत. आमच्या आठच आल्या. सामना खेळला, पण धरला गेला नाही. नव्या क्लबला अशी एकच चूक माफ आहे. दुसऱ्यांदा नऊ भरल्या नाहीत तर हेरन्स लीगमधून बाहेर, आणि ज्युडिथ म्हणाली की मग संघच मोडेल, सामने नसतील तर सरावाला कोण येणार. सान्वी ट्रॅममध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, हा माझा टीम आहे. फर्स्ट थिंग जे मी स्वतः केलं." हिचा बाबा, विष्णू, आम्हाला सोडून इल्फर्डला राहायला गेल्यापासून दोन वर्षं ही मुलगी आपल्या खोलीतून जेवायलाही जेमतेम येत होती. मी बोटांवर मोजलं. पाच शनिवार उरलेत.


शनिवार, १० मे

आज दहाजणी. देवाची कृपा आणि ज्युडिथचा आवाज.

मी मात्र लाज घालवली. दुसऱ्या क्वार्टरमध्ये सान्वीनं मारलेला बॉल थेट मधल्या खांबांतून माझ्या डोक्यावरून गेला. हेरन्सचा पहिलावहिला गोल. मी दोन्ही झेंडे उचलून असे हलवले की जणू विमान उतरवायचंय. उडीही मारली असं सगळे म्हणतात. समोरून उत्तर आलं नाही. मी आणखी जोरात हलवले. गिडियन हात खाली सोडून शांत उभा.

मैदानातल्या मुख्य अंपायरनं "ऑल क्लिअर" म्हटल्याशिवाय झेंड्यांना हात लावायचा नसतो. त्यानं आधीच शिट्टी फुंकून आमच्या कोणाचा तरी ढकलण्याचा फाउल दिला होता. गोल नाही. काहीच नाही. शिवाय गोल अंपायरनं कोणत्याही बाजूचं नसायचं असतं, आणि मी तर उडी मारलेली.

क्वार्टर संपला की ब्रेकमध्ये दोन्ही गोल अंपायर मैदानाच्या मधोमध भेटून कार्डं ताडून बघतात. मला वाटलं गिडियन काही बोलेल. पन्नाशीचा असावा, उंच, कानांवर केस पिकलेले, लीड्समध्ये चष्म्याचं दुकान आहे. त्यानं माझं कार्ड पाहिलं, आपलं पाहिलं आणि म्हणाला, उडी चांगली होती, तिच्यासाठी कार्डावर रकाना नाही एवढंच.

मला हसू आवरेना. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पांढरा कोट, बगलेत दोन झेंडे.


बुधवार, १४ मे

अर्चनाताईंचा फोन. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी नाटुकलं बसवायला घेतलंय आणि त्यात मी सासूबाई आहे. तालमी शनिवारी. मी म्हटलं शनिवारी ड्यूटी लागलीय. "किती शनिवार?" ऑगस्टपर्यंत, मी म्हटलं. त्या गप्प झाल्या. अर्चनाताई तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्या गप्प झाल्या की माणूस आपण होऊन सगळं कबूल करतो. मी कसाबसा फोन ठेवला.

खोटं बोलल्याचं वाईट वाटतंय का? थोडं. पण शनिवारचा विचार आला की ते थोडंही उरत नाही. सान्वीसाठीच हे सगळं, असं मी स्वतःला सांगते. खरंच आहे ते.


शनिवार, २४ मे

नऊ. बरोब्बर नऊ. नववी, ईशिता, हॉस्पिटलमधून नाइट करून सरळ आली आणि मध्यंतरात गवतावर झोपली. आम्ही चाळीस गुणांनी हरलो. कोणालाच पर्वा नव्हती.

क्लोईचं कॉलरबोन मोडलं. माझ्याच टोकाला, माझ्यासमोर. गिडियन झेंडे घेऊनच धावत आला, मग लक्षात आलं की जागा सोडायची नसते, तर परत फिरला, मग पुन्हा आला. शेवटी ज्युडिथनं त्याला खांदे धरून जागेवर नेऊन उभं केलं. बिचारा. आता त्याचा हंगाम संपलाच म्हणायचा, भाची खेळणार नाही म्हटल्यावर तो कशाला येईल. दुसरा गोल अंपायर शोधायला हवा असं मी ज्युडिथला सांगितलं. ती माझ्याकडे बघून "हं" म्हणाली.


शनिवार, ७ जून

गिडियन आला होता. क्लोई एडिनबराला आईवडिलांकडे विश्रांतीला गेलीय, तरी आला. खेळावर एवढी निष्ठा असलेली माणसं आता कमी.

आज पाऊस आडवा होता. कोट अंगाला चिकटला, कार्डाचा लगदा झाला, पेन्सिल उमटेना. ब्रेकमध्ये गिडियननं मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं कोरं कार्ड दिलं. जादाचं आणलेलं. शिवाय एका डब्यात संत्र्याच्या फोडी, सालं काढलेल्या, वरच्या पांढऱ्या शिरासुद्धा काढलेल्या. चष्म्याच्या दुकानात वेळ बराच मिळत असावा.

मी एक फोड घेतली. तो डबा तसाच पुढे धरून म्हणाला, "अजून घे."

मराठीत. मी फोड हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिले. त्याचे आईवडील मुंबईचे, मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांतले. तो लंडनला आत्याकडे वाढला. आत्या त्याच्याशी मराठीत बोलायची आणि तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा. त्यामुळे त्याच्याकडे मराठीची फक्त आत्याची बाजू आहे. अजून घे. नीट बस. पाय पूस. इकडे बघ. कुठे होतास. सगळं लहान मुलाला सांगायचं. पन्नास वर्षांच्या माणसानं भर पावसात "पाय पूस" म्हटलं तेव्हा मी इतकी हसले की मुख्य अंपायरनं घड्याळ दाखवलं.

परतताना सान्वी म्हणाली, "आई, बाकी लीग्जमध्ये स्कोअर चेक दोन मिनिटात होतो. मी गूगल केलं." मी म्हटलं आम्ही काटेकोर आहोत.

आज दहाजणी होत्या. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.


गुरुवार, १२ जून

स्वयंपाकघरात दोन लाटणी घेऊन झेंड्यांचा सराव करत होते. सान्वी दारात उभी होती, किती वेळ कोण जाणे.


शनिवार, २१ जून

नऊजणी आणि विजय. पहिला विजय. तीन गुणांनी. शेवटच्या मिनिटाला बॉल माझ्या रेषेवर आला, लिव्हरपूलच्या मुलीनं लाथ घातली आणि आमच्या ईशिताची बोटं मध्ये आली. कोणाला दिसलं नाही, मला दिसलं. रेषा ओलांडण्याआधी कोणाचा हात लागला की गोल नाही, एक गुण. लिव्हरपूलच्या पोरी ओरडत होत्या. मी एकच झेंडा हलवला, कारण तेच खरं होतं. समोरून एक झेंडा हलला. दीडशे मीटरवरून त्याला काय दिसलं असेल? काही नाही. त्यानं माझ्या शब्दावर हलवला.

नियमच तसा आहे, हे मला माहीत आहे. तरी रात्री जेवताना तीच गोष्ट सान्वीला तिसऱ्यांदा सांगत होते.

विष्णूबरोबरच्या सोळा वर्षांत मी जे पाहिलं ते मी पाहिलंच नाही, असं मला किती वेळा पटवून दिलं गेलं. ते कशाला आठवावं आज. आज जिंकलो.

एकच सामना उरलाय, ५ जुलै, लीड्सबरोबर. नऊजणी शेवटपर्यंत उभ्या राहिल्या की हेरन्स पुढच्या वर्षी आहेत.


गुरुवार, ३ जुलै

दोघींना कोविड. एकीच्या बहिणीचं पदवीदान. बाकी उरल्या आठ. सान्वी सकाळपासून फोनवर आहे. तिच्या आवाजात ती जुनी सपाट पट्टी परत आलीय, खोलीत बसलेल्या दिवसांची. "इट्स फाइन, आई. इट वॉज जस्ट अ सिली थिंग."

मी भांडी घासली. आधीच घासलेली होती.


शनिवार, ५ जुलै

पाय उशीवर ठेवून लिहितेय. सगळं क्रमानं लिहायचं ठरवलंय, नाहीतर शेवटाकडे उडी मारीन.

साडेअकराला आठजणी. ज्युडिथ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि नेहमीच्या मानानं हळू म्हणाली, "तू." मी म्हटलं खेळाडूंची नोंदणी मेमध्येच बंद झाली. ज्युडिथ म्हणाली, तुझं नाव मी तेव्हाच टाकलं होतं. मला विचारलं नाहीस, मी म्हटलं. "तू नाही म्हणाली असतीस."

 सान्वी तिच्या जादाच्या बुटांची जोडी हातात घेऊन उभी होती. अर्धा नंबर मोठी. मी घातले.

पण मग झेंडे कोण घेणार? दोन गोल अंपायर नसतील तर सामना धरला जात नाही. नेमक्या त्या क्षणी पार्किंगमधून अर्चनाताई येताना दिसल्या. मोरपंखी सलवार-कमीज, हातात नाटुकल्याची फाइल. सान्वीच्या इन्स्टाग्रामवर त्यांच्या नातवानं माझा झेंड्यांचा फोटो पाहिला होता.

"ड्यूटी आहे ना गं शनिवारी," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगून टाकलं, बूट बांधता बांधता. खोटं बोलले ते, नऊजणी, सान्वी, क्लब, सगळं. दोन मिनिटं लागली असतील. अर्चनाताईंनी फाइल ज्युडिथच्या हातात दिली आणि विचारलं, "कोट कुठाय?"

गिडियननं त्यांना नियम समजावले. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही माझ्यापेक्षा हुशार. जाताना त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं आणि बूट मोठे आहेत म्हणाला. चष्मेवाल्याची नजर.

खेळाबद्दल काय लिहू. बॉल माझ्याकडे तीनदा आला. एकदा मी तो पकडला आणि इतकी दचकले की शत्रूच्या मुलीच्या हातात दिला, थँक यू म्हणून. चिखल तोंडात गेला. दम असा लागला की फुप्फुसं माझी नव्हेतच असं वाटलं. आणि मधेच, धावता धावता, कोणाशीही शर्यत नसताना, मला अगदी आत कुठेतरी खुदकन हसू आलं. शाळेत असताना यायचं तसं. ते इतकी वर्षं कुठे होतं?

तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी बुटात पाय वळला. कट्कन आवाज आला. ब्रेकमध्ये ज्युडिथनं घोटा दाबून पाहिला, मोडला नाही म्हणाली, पण धावणं विसर. सान्वीचा चेहरा पांढरा पडला. बसायचं तर बस आई, खरंच, ती म्हणाली. मी विचारलं, नियमात धावायचं लिहिलंय का? ज्युडिथ म्हणाली, नाही. नियमात फक्त मैदानावर असणं आहे.

मग ज्युडिथनं मला आमच्या गोलसमोर, अगदी रेषेजवळ नेऊन उभं केलं. वीस मिनिटं. त्या क्वार्टरला आमचा गोल गिडियनच्या टोकाला होता. तो माझ्या मागे चार पावलांवर.

खांबाला गुंडाळलेल्या फोमवर हात टेकून मी एका पायावर उभी. बॉल लांब होता. त्यानं समोर बघतच विचारलं, खूप दुखतंय का. मी म्हटलं, गोल अंपायरनं खेळाडूशी बोलायचं नसतं.

"मी खेळाडूशी बोलत नाहीये. मी दुसऱ्या अंपायरशी बोलतोय."

बराच वेळ गेला. एक बिहाइंड. त्यानं एक झेंडा हलवला. समोरून अर्चनाताईंनी एक झेंडा असा उंच धरला की शाळेचं संचलन चाललंय. माझी पोटरी थरथरत होती. खाली बसावं, नुसतं गवतावर बसावं, एवढंच डोक्यात होतं. लक्ष दुसरीकडे न्यावं म्हणून मी विचारलं, क्लोईचा खांदा कसा आहे.

बरा आहे, तो म्हणाला. पोहते. तिला एडिनबरालाच नोकरी लागली, जूनच्या सुरुवातीला. आता ती इकडे येणार नाही.

"म्हणजे तुमच्या संघात तुमचं कोणीच नाही?"

"नाही."

"मग तुम्ही कशासाठी येता?"

आणि तेव्हाच बॉल आला. आधी लीड्सच्या तिघी आल्या, मग सान्वी त्यांच्या मागे, सगळं एकदम अंगावर. मी हात वर केले, एका पायावर जेवढे होतात तेवढे. बॉल माझ्या बोटांच्या वीतभर वरून गेला. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. मुख्य अंपायर "ऑल क्लिअर" ओरडला. गिडियननं दोन्ही झेंडे उचलले आणि माझ्या संघाविरुद्ध गोल दिला, स्वच्छ, नीट, जरासुद्धा घाई न करता. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्या वेळी त्यानं माझ्यावर दया केली असती तर मला रडू आलं असतं.

समोरचे झेंडे हलले. त्यानं कार्डावर लिहिलं. पेन्सिल खिशात ठेवली.

"ब्रेकसाठी," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मी तसं म्हटलं.

"एका सामन्यात तीन ब्रेक असतात. दोन सामन्यांचे सहा. त्या सहा ब्रेकसाठी मी लीड्सहून येतो."

माझे कान इतके तापले की मी दुखऱ्या पायावर भार दिला आणि केवढ्यांदा तरी ओरडले. मुख्य अंपायर धावत आला. बाहेर जायचंय का, त्यानं विचारलं. मैदानाच्या मध्यावर सान्वी थांबून बघत होती. दोन्ही हात डोक्यावर. मी म्हटलं, नाही. किती मिनिटं राहिली? चार.

चार मिनिटं मी समोर बघत राहिले, कारण मागे बघणं शक्यच नव्हतं. मागून एकदाच आवाज आला, हळू, आत्याचा असणार, लहान मुलाला सांगायचा.

"नीट उभा राहा."

मी राहिले.

भोंगा वाजला. मुख्य अंपायरनं बोट दाखवत आमच्या बायका मोजल्या, एक, दोन, तीन, आणि शेवटचं बोट रेषेपर्यंत आणून माझ्यावर ठेवलं. नऊ. एकावन्न गुणांनी हरलो. सान्वी सबंध मैदान ओलांडून धावत आली आणि तिनं मला उचललं. माझ्या मुलीनं मला उचललं. ती रडत होती आणि हसत होती आणि "यू स्टूड, आई, यू जस्ट स्टूड देअर" म्हणत होती, आणि तिच्या खांद्यावरून मला दिसत होतं की पांढऱ्या कोटातला माणूस गडबडीनं मैदानाच्या मध्याकडे निघालाय, कार्ड ताडून बघायला, आणि अर्चनाताई समोरून येताहेत, झेंडे काखोटीला, वाटेत लीड्सच्या कोणालातरी बूट नीट बांधायला सांगत.


रविवार, ६ जुलै

लीगचा मेल आला. हेरन्स पुढच्या वर्षी आहेत. सान्वीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, मग परत वाचला, मग ज्युडिथला फोन लावला. आतापासून हिवाळ्याचा सराव, नव्या मुलींसाठी पोस्टर, सगळं ठरवणं चाललंय. पुढच्या वर्षीच्या नोंदणीत तिनं माझं नाव टाकलंय. विचारलं नाही.

अर्चनाताईंचाही फोन आला. नाटुकल्यात आता सासूबाई लंगडी दाखवू म्हणाल्या. तालमी रविवारी केल्यात. आणि तो कोट धुऊन देते, असंही.

घोटा वांग्यासारखा झालाय. मंगळवारच्या सरावाला मी फक्त खुर्ची टाकून बघत बसणार.

दुपारी गिडियनचा मेसेज. पाय कसा आहे, आणि मंगळवारचा सराव किती वाजता असतो. तो लीड्सचा, हंगाम संपलेला, आमच्या सरावाशी त्याचा काही संबंध नाही. मी मेसेज तीनदा वाचला. मग उत्तर लिहिलं, सात वाजता, नदीकाठच्या मैदानावर.

सराव साडेसातला असतो.